मशीन बारीक बोलतंय

घाटनांदूर,
१५ जानेवारी १९९८

प्रिय महांतेश,

अनेक आशीर्वाद. काल संक्रांत झाली. आईने तुझ्या वाटणीचा तीळगूळ डब्यात काढून ठेवलाय आणि दर तासाला त्यातला एकेक लाडू पाहुण्यांना देतेय, तेव्हा तू येईपर्यंत डबा उरला तरी पुष्कळ. एवढं लांब पत्र लिहिण्यापेक्षा अक्काने फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. घरचा फोन बैठकीत, तिथे माणसांचा राबता. बसस्टँडवरच्या एसटीडी बूथवरून बोलावं तर आपण आत रडतोय की हसतोय यावर बाहेरच्या रांगेत पैजा लागतात. शिवाय जे सांगायचं आहे ते मला स्वतःलाच नीट कळून घ्यायचंय, आणि मला लिहिल्याशिवाय काही कळत नाही हे तुला माहीतच आहे.

आधी वाईट बातमी सांगते. तू उन्हाळ्यात हौसेने बसवून गेलास त्या मशीनवरून शाळेत भांडण पेटलंय. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव येतील, तेव्हा सगळे शिक्षक त्यांच्यापुढे उभे राहून सांगणार आहेत, एक तर हे मशीन काढा, नाहीतर मोठ्या सरांना काढा. मोठे सर म्हणजे आपले अप्पा. आणि या सगळ्यात पुढे कोण, तर त्रिंबक सर. अरे, नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्या दोघांनी एका खोलीत स्टोव्हवर पिठलं करून दिवस काढले, त्यातले एक दुसऱ्याची खुर्ची काढायला निघालेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना अप्पांना असं उठवलं, तर ते घरी बसून काय करतील याचा विचारही मला करवत नाही. आणि मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे माझी अवस्था बघ. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. चहाचा कप मात्र पुढे येतो, एवढी माणुसकी अजून शिल्लक आहे.

तू म्हणशील, मशीनने असं केलं तरी काय? भिंतीला कान असतात म्हणतात, ते तू आमच्या शाळेत तारा ओढून खरं करून दाखवलंस. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक डबा, अप्पांच्या टेबलावर बटणांची पेटी. बटण दाबलं की त्या वर्गातला पाठ ऑफिसात ऐकू येणार, आणि ऑफिसातून बोललेलं वर्गात. विठ्ठलराव औरंगाबादच्या कुठल्याशा कॉन्व्हेंटमध्ये हे बघून आले होते. अंबाजोगाईला इंग्रजी शाळा निघाल्यापासून व्यापाऱ्यांची पोरं जीपमध्ये बसून तिकडे जातात, दहावीचा निकालही घसरलेला. तेव्हा ‘मास्तर काय शिकवतेत त्याच्यावर नजर पायजे’ असं त्यांनी ठरवलं. नजर पाहिजे म्हणाले आणि बसवला कान. तरी पोरगा आपलाच, काम चोख करेल, म्हणून अप्पाही खूश होते. तू शिडीवर चढून खिळे ठोकत होतास आणि अप्पा खाली शिडी धरून उभे होते. त्या दिवशीइतके आनंदी ते माझ्या लग्नातही दिसले नव्हते, यावर तुझे दाजी अजून मला टोमणे मारतात.

सुरुवातीचे महिने तर नुसती करमणूक होती. डबा सुरू झाला की आधी खर्रकन आवाज येतो. त्यामुळे अप्पा ऐकायला लागले हे आधी वर्गाला कळतं आणि मग अप्पांना वर्ग कळतो. खर्र झालं की इतिहासाचे भागवत सर खुर्चीतून उठून उभे राहत. विमलबाई एरवी पोरांना ‘गप बसा रे मुडद्यांनो’ म्हणतात, त्या एकदम ‘बालमित्रांनो’ म्हणायला लागत, आणि सगळा वर्ग फिस्सकन हसे. नववीच्या पोरींनी तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरस्वतीबरोबर डब्यालाही हळदीकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घातली. चाचणीचे गुण त्याच्यातूनच सांगतात ना, म्हणजे देवच की तो!

पण हळूहळू लोकांचं हसणं कमी झालं, आणि त्याचं कारण अप्पांची जुनी पद्धत हे आहे. तू विसरला नसशील. अप्पा पाठ बघायला यायचे ते टाचणवही घेऊन दारात उभे राहायला नव्हे. गुपचूप येऊन मागच्या बाकावर पोरांमध्ये बसायचे. तास संपेपर्यंत उठायचे नाहीत. मास्तर काय शिकवतो हे पुढून कळतं, पोराला काय कळलं ते मागच्या बाकावरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. तास झाल्यावर एका बाजूला घेऊन, चहा पाजून, एखादीच गोष्ट सांगायचे. मी नवीन लागले तेव्हा मलाही सांगितलं होतं, की तू फळ्याशी बोलतेस, तिसऱ्या रांगेतली पोरगी तुझी वाट बघत होती. मला राग आला होता, पण गोष्ट खरी होती.

या जूनपासून अप्पांनी मागच्या बाकावर बसणं सोडलं. वर्गात पाऊल ठेवत नाहीत. दिवसभर ऑफिसात त्या पेटीजवळ. शिक्षकांना हेच लागलं. विमलबाई मला म्हणाल्या, ‘आदी पोरात बसून ऐकायचे, आता चोरावानी ऐकतेत. आमी काय केलं गं तुझ्या बापाचं?’ चिडून मी अप्पांचीच बाजू घेतली आणि म्हणाले, ज्याचा पाठ चांगला त्याने भ्यायचं कशाला. चोराच्या मनात चांदणं. आता वाटतं, जरा कमी बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यात तो आवाज. अप्पांनी मशीनचा आवाज वाढवत वाढवत इतका नेला, की दहावीतला पाठ ऑफिसातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून ग्राउंडवर आणि वारा असला तर हरिबाच्या चहाच्या टपरीपर्यंत जायला लागला. टपरीवरचे रिकामटेकडे आता इंग्रजीच्या तासाला चहा मागवतात. शिक्षकांना वाटलं, मोठे सर मुद्दाम गावाला ऐकवतात. आणि तुझाही यात वाटा आहे बरं का. दिवाळीत अप्पा तुला म्हणाले, मशीन बारीक बोलतंय, तर तू मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावून गेलास. पुढे त्यांनी पुन्हा पत्र टाकलं, तर तू पार्सलने आणखी मोठा पाठवलास. बापाने एक शब्द टाकायचा आणि लेकाने दुप्पट करून द्यायचं, असं प्रेम मी तरी दुसरीकडे पाहिलं नाही. आम्हालाही तेव्हा काही वावगं वाटलं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की आपले वर्ग अर्धे होतात. ‘बरोबर का?’ म्हटल्यावर ‘होऽऽ’ म्हणणारी निम्मी पोरं कारखान्यांवर गेलेली असतात. आवाज बारीक येणारच, असं मीच अप्पांना समजावलं होतं. त्यांनी मान हलवली आणि बटण अजून पुढे ढकललं.

आता त्रिंबक सरांचं सांगते. डिसेंबरात पालकसभा होती. व्हरांड्यात सतरंज्यांवर पालक बसलेले, ऑफिसात विठ्ठलराव आणि दोन सभासद. अप्पांना वाटलं, अध्यक्षांना आपल्या शाळेतला सगळ्यात चांगला पाठ ऐकवावा. आणि सगळ्यात चांगला म्हणजे कुणाचा, हे का सांगायला पाहिजे? त्यांनी दहावीचं बटण दाबलं. आत त्रिंबक सर भूमितीचं प्रमेय सिद्ध करत होते. तुला त्यांची ती लकब आठवते? अर्ध्यावर येऊन थांबायचं, डोक्यावर हात मारायचा आणि म्हणायचं, ‘आरं, मी तं इसरलो की! पुढं काय हाय, सांगा बरं कोणी.’ आणि मग वर्गातलं एखादं दबलेलं पोर उठून फळ्यापाशी जायचं. तू आठवीत असताना घरी येऊन ऐटीत म्हणाला होतास, त्रिंबक सरांना गणित येत नाही, रोज मलाच सांगावं लागतं. अप्पा जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसले होते, पण तुला त्यांनी खरं काय ते सांगितलं नाही.

त्या दिवशी करिष्मा म्हणून एक मुलगी उठली. आईबाप उसाला गेलेत, ही आजीजवळ राहून शिकते. एरवी तोंडातून शब्द काढत नाही. तिने सगळं प्रमेय खडानखडा पुरं केलं आणि त्रिंबक सर म्हणाले, ‘बरं झालं बाई, तू व्हतीस म्हनून.’ वर्गात बसलेल्याला सरांचा चेहरा दिसतो, डोळ्यांतलं हसू दिसतं. डब्यातून नुसता आवाज येतो. ऑफिसात आणि व्हरांड्यात सगळ्यांनी एवढंच ऐकलं, की दहावीच्या गणिताच्या मास्तरला प्रमेय येत नाही आणि पोरगी त्याला शिकवते. विठ्ठलराव शेजारच्या सभासदाकडे वळून म्हणाले, ‘ह्या मास्तरला काईच येत न्हाई वाटतं. असल्याला कावून ठेवलं?’ आणि अप्पा, महांतेश, अप्पा हसून मान हलवत होते.

हे मला शिपाई सटवाने सांगितलं, कारण तो चहा घेऊन तिथेच उभा होता. माझ्या आधी त्याने ते त्रिंबक सरांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्रिंबक सरांना बघून पोरंटोरं डोक्यावर हात मारून ‘इसरलो की’ म्हणायला लागली. तीस वर्षं ज्या माणसाने या गावाला हिशोब करायला शिकवलं, तो आता भाजी घ्यायला बायकोला पाठवतो. ते शाळेत येतात, तास घेतात, पण आता प्रमेय विसरत नाहीत. सगळं स्वतःच फळ्यावर लिहून मोकळे होतात. करिष्मा पुन्हा गप्प झाली आहे, आणि मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा आहे.

मी अप्पांवर भयंकर चिडले. तावातावाने ऑफिसात गेले. दुपारची सुट्टी झाली होती, पण सहावीत काही पोरं गाणी म्हणत बसली होती आणि तो गोंगाट ऑफिसात इतका घुमत होता की कपाटाच्या काचा थरथरत होत्या. मला कानात बोटं घालावीशी वाटली. अप्पा दाराकडे पाठ करून बसले होते. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग ओरडले. त्यांनी वळूनही बघितलं नाही. पुढे गेले, तर त्यांनी उजवा कान त्या पेटीच्या जाळीला टेकवला होता, डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर इतकं कष्टाचं लक्ष होतं, जसं विहिरीत पडलेल्या माणसाचा आवाज ऐकतायत. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. आणि लाजल्यासारखं हसून म्हणाले, ‘रुचे, महांत्याचं मशीन लईच बारीक बोलतंय गं. त्याला एक कार्ड टाक.’

मी ‘टाकते’ म्हणाले आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, कारण पोरांसमोर रडायचं नाही असा माझा नियम आहे.

संध्याकाळी घरी गेले आणि आईला सरळ विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘दोन वरसं झाली. डावा तं गेलाच हाय. उजव्यानं मी जवळ बसून बोललं तर ऐकू येतंय.’ आणि मग मला एकेक दिसायला लागलं. आई हल्ली जेवताना नेहमी त्यांच्या उजव्या हाताला का बसते. माझ्या पोरीने काही विचारलं की ते उत्तर द्यायच्या ऐवजी तिला उचलून का घेतात. लग्नकार्यात ते स्वतःच सतत का बोलत राहतात, दुसऱ्याला बोलूच का देत नाहीत. मागच्या बाकावर बसणं त्यांनी सोडलं, कारण तिथून त्यांना काही ऐकू येत नव्हतं रे. शिक्षक समजतात, सर लांबून टेहळणी करतात. ते बिचारे शाळा हातातून निसटू नये म्हणून त्या जाळीला कान लावून बसलेत. आणि विठ्ठलरावांपुढे ते हसले, ते आपला मित्र जुनी लकब करतोय या कौतुकाने. अध्यक्ष काय म्हणाले ते त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. अध्यक्षांनी तोंड हलवलं, म्हणून यांनी मान हलवली.

आईला म्हणाले, मग त्यांना सांगत का नाहीस? ती म्हणाली, ‘मशीन खराब हाय म्हनतेत तवर धीर हाय त्यांना. कान खराब हायत म्हनलं की माणूस खचतंय.’ तीस-बत्तीस वर्षांचा संसार आहे, तिचं चुकतंय असं मी कसं म्हणू? पण तिचं म्हणणं मला पटलंही नाही.

मग मी त्रिंबक सरांकडे गेले. काकूंनी नेहमीसारखा चुरमुऱ्यांचा सुशीला केला आणि सरांनी बशी माझ्यापुढे सरकवली. मग अप्पांचं नाव घेऊन म्हणाले, ‘मला ऐकलं याचा राग न्हाई गं पोरी. जलमभर त्यानंच ऐकलंय मला. चुकलो तर बाकावरून डोळ्यांनी सांगायचा. पर गावापुढं हसला मन्मथप्पा मला.’ महांतेश, त्या क्षणी माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. त्रिंबक सर धोतर सावरत तसेच अप्पांकडे धावले असते, हे मला पक्कं माहीत आहे. पण मग अप्पांची गोष्ट अप्पांच्या आधी दुसऱ्याला कळली असती, आणि मित्र दया म्हणून परत आला हे त्यांना सहन झालं नसतं. मी फक्त एवढंच म्हणाले, सर, सव्वीस तारखेपर्यंत कुणाशी काही बोलू नका, माझ्यासाठी. ते म्हणाले, ‘तुझ्या शब्दाखातर थांबतो. पर त्या दिवशी बोलणार म्हंजे बोलणार.’

विठ्ठलरावांच्या कानावर हे भलत्या मार्गाने गेलं तर काय होईल, तेही मला कळतं. बहिऱ्याला मुख्याध्यापक कशाला ठेवलं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा त्या खुर्चीत बसेल. पण दाजी म्हणतात, परळीच्या कोर्टातले एक वकील कानात यंत्र घालून रोज भांडतात आणि जिंकतात. कानात यंत्र घातलेला मुख्याध्यापक चालतो रे. ऐकू येत नसताना येतंय म्हणणारा चालत नाही. अंबाजोगाईला कानाचे डॉक्टर आहेत, मी चौकशी करून आलेय. डॉक्टर तपासतील, यंत्र देतील, पण त्यासाठी माणूस त्यांच्या दारात नेऊन बसवायला पाहिजे. आणि अप्पा तर कागदी पुड्यात बांधून तुझ्या मशीनची तार दुरुस्तीला पाठवायला निघालेत.

म्हणून हे पत्र. शनिवारी, चोवीस तारखेला, कशीही सुट्टी काढून ये. सोबत पेचकस, वायर, नवा स्पीकर काहीही आणू नकोस, त्या पेटीला हातसुद्धा लावू नकोस. मी सांगितलं तर हाताखालच्या मास्तरणीने सांगितल्यासारखं होईल, आईने सांगितलं तर ती उगाच काळजी करते म्हणतील. मशीनच्या बाबतीत अप्पा या जगात फक्त तुझं मानतात. तेव्हा त्यांच्या उजव्या बाजूला, तुझं तोंड त्यांना दिसेल असा बस, हात हातात घे आणि सांग, की अप्पा, मशीन चांगलं आहे, त्यात काहीच बिघाड नाही. एवढंच सांग. पुढचं त्यांना आपोआप कळेल, मला वाटतं कधीचंच कळलेलं आहे. मग त्यांना घेऊन त्रिंबक सरांच्या घरापर्यंत चालत जा, आणि तू बाहेर ओट्यावर थांब. आणि हे बघ, सांगताना घाबरून मोठ्याने ओरडू नकोस. जवळ बसून हळू बोल.

तुझीच,
अक्का